ज्याला हवं तो उचलेल

माझ्या भावाला नेटवर्कवरून जाणाऱ्या प्रत्येक बाइटचा हिशेब लागतो. माझ्या मुलीच्या मते तो हिशेब माणसाने ठेवायचाच नसतो, त्यासाठी तर सिस्टिम असते. दोघंही एकच काम अनेक संगणकांकडून करून घेण्याच्या धंद्यातले. भाऊ नव्वदच्या दशकात पुण्यात ट्रान्सप्युटरवर शिकला आणि निवृत्त होईपर्यंत रेणूंची गणितं करणारे प्रोग्राम शेकडो प्रोसेसरवर पळवत राहिला. मुलगी क्लाउडवरच्या सिस्टिम बांधते. तिची मशीन्स नेमकी कुठे आहेत हे तिला धड सांगता येत नाही, आणि त्यात तिला काही वावगंही वाटत नाही.

दोघांची जुंपते ती बहुतेक वेळा एकाच जुन्या कल्पनेवरून. येल विद्यापीठातल्या डेव्हिड गेलर्न्टर यांनी १९८५ साली एका निबंधात ती सविस्तर मांडली आणि निकोलस कॅरिएरो यांच्याबरोबर ती चालवून दाखवली. नाव लिंडा. ही स्वतंत्र भाषा नव्हे. सी किंवा फोरट्रानमध्ये चार क्रियांची भर. प्रोसेसनी एकमेकींना निरोप धाडायचे नाहीत. सगळ्यांच्या मध्ये एक सामाईक जागा आहे असं धरायचं, तिला ट्युपल स्पेस म्हणतात. ट्युपल म्हणजे काही मूल्यांची एक जुडी: एखादा शब्द, एखादा आकडा, एखादा ॲरे. 'आउट' केलं की जुडी त्या जागेत पडते. 'इन' केलं की आपण सांगितलेल्या नमुन्याशी जुळणारी एक जुडी उचलली जाते, आणि ती मग दुसऱ्या कुणाला मिळत नाही. 'आरडी' नुसतं वाचतं. 'इव्हॅल' नवी प्रोसेस सुरू करतं. जुळणारी जुडी नसेल तर ती येईपर्यंत थांबायचं. पत्ता नाही, क्रमांक नाही. जुडीचं रूप एवढीच ओळख.

मी दोन्ही बाजूंना अर्धीअर्धी आहे, हे आधीच सांगून टाकते. आई आणि बहीण या दोन्ही नात्यांनी ते सोयीचंही आहे.

भाची: निरोप धाडायच्या तुझ्या त्या एमपीआयमध्ये मी 'पाठव' म्हटलं की पहिला प्रश्न, कुणाला? प्रोसेस क्रमांक सातला. सात रिकामी आहे का, तिचं मशीन किती जुनं आहे, मला काही ठाऊक नाही. तरी तिचा क्रमांक मीच लिहायचा.

मामा: मग निरोप पाठवायचा तर पत्ता नको?

भाची: मला निरोप पाठवायचाच नाहीये, मामा. एक काम पडलंय, ते कुणीतरी करावं. गणपतीच्या मांडवात कामाच्या चिठ्ठ्या डब्यात टाकून ठेवतात, मोकळा झालेला कार्यकर्ता पुढची चिठ्ठी उचलतो. अध्यक्ष काही प्रत्येकाला नावाने हाक मारत बसत नाही.

मामा: अध्यक्षाला ते परवडतं, कारण चिठ्ठीवर लिहिलेलं काम मांडवातच असतं. माझं काम ज्या डेटावर असतं, तो डेटा सातच्या मेमरीत असतो. मग ते काम सातनेच करायला हवं. तेराने चिठ्ठी उचलली तर आधी सगळा डेटा सातकडून तेराकडे न्यावा लागेल. मेमरीतून एखादं मूल्य काढायला शंभरेक नॅनोसेकंद लागतात. साध्या इथरनेटवर शेजारच्या मशीनपर्यंत जाऊन यायला पन्नास-शंभर मायक्रोसेकंद. पाचशे ते हजार पट झालं हे. आणि तू म्हणतेस कोण उचलतं याच्याशी देणंघेणं नाही.

भाची: बरं, हिशेबच करू. शंभर सारखी कामं, चार मशीन्स. तीन मशीन्स एक काम एका मिनिटात करतात, चौथं जुनं आहे, त्याला तीन मिनिटं लागतात. तू काय करशील?

मामा: मी जुन्याला कमी देईन.

भाची: ते जुनं आहे हे तुला आधी कळलं तर. नाही कळलं, तर पंचवीस-पंचवीस वाटशील. तिघं २५ मिनिटांत मोकळी होतील आणि चौथं ७५ मिनिटांनी संपवेल, तोवर बाकीची बसून. माझ्याकडे शंभर ट्युपल जागेत पडलेली आहेत. जो मोकळा होईल तो पुढचं उचलतो. ३० मिनिटांत सगळं संपतं. तिघांनी तीस-तीस केली, चौथ्याने दहा. कुणी किती करायची हे मी कुठेच लिहिलेलं नाही.

इथे भाऊ गप्प बसला नाही, पण आकड्यांवर त्याने हरकतही घेतली नाही. हरकत घेण्यासारखं काही नव्हतंच. येलमध्ये याच तत्त्वावर पुढे पिरान्हा नावाची सिस्टिम झाली. रात्री रिकामी पडलेली डेस्कटॉप मशीन्स कामाला जुंपायची आणि सकाळी मालकाने कीबोर्डला हात लावला की हातातलं काम परत जागेत ठेवून बाजूला व्हायचं. ज्याने काम टाकलं त्याला या येण्याजाण्याची खबरही नसे. पत्ते लिहिलेल्या प्रोग्राममध्ये हे करून बघा, म्हणजे केवढा उपद्व्याप आहे ते कळेल.

मामा: तुझी शंभर कामं एकमेकांशी बोलत नाहीत, म्हणून हे जमतं. आता माझं घे. हजार बाय हजार बिंदूंची जाळी आहे, त्यावर उष्णता कशी पसरते ते काढायचंय. सोळा प्रोसेसर, प्रत्येकाला २५० बाय २५०चा चौकोन. एकेकाकडे ६२,५०० बिंदू. दर पायरीला प्रत्येकाने आपल्या चार कडा शेजाऱ्यांना द्यायच्या, म्हणजे फार तर एक हजार बिंदू. आत ६२,५००चं गणित, बाहेर हजाराची देवाणघेवाण, म्हणून ते समांतर पळवणं परवडतं. माझा डावीकडचा शेजारी कोण हे मला जन्मापासून माहीत आहे. मी त्याला थेट देणार. तुझ्या सामाईक जागेत ती कड आधी जाणार कुठे?

भाची: जागेत.

मामा: जागा म्हणजे कुठलं मशीन?

हा भावाचा आवडता प्रश्न आहे. पुण्यात १९८८ साली सी-डॅक स्थापन झालं आणि १९९१ साली तिथे परम ८००० उभा राहिला, तो इनमॉस या ब्रिटिश कंपनीच्या ट्रान्सप्युटर चिपवर. प्रत्येक ट्रान्सप्युटरला बाहेर बोलायला चार तारा. चारच. पाचव्याशी बोलायचं तर मधल्या कुणाच्या तरी हातून. त्या चिपची भाषा ऑकम, आणि ऑकमच्या मुळाशी टोनी होअर यांची १९७८ सालची मांडणी: दोन प्रोसेस एका ठरलेल्या चॅनेलवर बोलतात, देणारा आणि घेणारा दोघंही एकाच वेळी हजर असावे लागतात, एक आला नाही तर दुसरा ताटकळतो. त्या शिस्तीत वाढलेल्या माणसाला 'जागा' हे उत्तर पुरत नाही. त्या मशीनवर जागा म्हणजे तार, आणि तार कुठून कुठे जाते हे कागदावर काढूनच कामाला लागायचं.

गेलर्न्टर यांना नेमका हाच एकाच वेळी हजर राहण्याचा जाच नको होता. लिंडात ट्युपल टाकणारी प्रोसेस संपून गेली तरी ट्युपल मागे राहतं. ते उचलणारी प्रोसेस तासाभराने जन्माला आली तरी चालतं. 'कम्युनिकेशन्स ऑफ द एसीएम'मध्ये गेलर्न्टर आणि कॅरिएरो यांनी १९८९ साली लिंडाची इतर पद्धतींशी तुलना करणारा लेख लिहिला, तेव्हा त्याच वर्षी पत्रांतून चांगलीच खडाजंगी झाली. आपापली समांतर भाषा घेऊन बसलेली मंडळी होती ती. चार क्रियांत सगळं भागतं हे ऐकून घेणं त्यांना जड जाणारच.

भाची: ट्युपल कुठे ठेवायचं याचे त्या लोकांनी दोन-तीन मार्ग काढले होते. एक म्हणजे प्रत्येक ट्युपलची प्रत सगळ्या मशीन्सवर पाठवायची. वाचायला पटकन, पण उचलताना सगळ्यांना विचारायचं की हे मी घेतोय, तुम्ही पुसून टाका. दुसरा मार्ग हॅशिंगचा. ट्युपलच्या रूपावरून एक आकडा काढायचा, त्यावरून मशीन ठरतं. टाकणारा तिथे टाकतो, घेणारा तिथेच शोधतो.

मामा: म्हणजे माझी कड डाव्या शेजाऱ्याकडे जायची ती आधी तिऱ्हाइताकडे गेली. मग शेजारी ती तिथून घेऊन आला. एकाच्या जागी दोन खेपा. आणि त्या तिऱ्हाइताने शोधायचं कसं? नमुना आणि हजार ट्युपल, एकेक जुळवून बघत बसायचं?

भाची: नाही ना! इथेच सगळे फसतात. प्रोग्राममधले सगळे 'इन' आणि 'आउट' कंपायलरला आधीच दिसतात. कुठला 'इन' कुठल्या 'आउट'शी कधीच जुळणार नाही हे तो कंपाइल करतानाच ठरवतो. उरलेल्यांत पहिला भाग ठरलेला शब्द आणि दुसरा आकडा असेल, तर त्याचं सरळ हॅश टेबल करतो. नुसतीच कामं टाकायची-घ्यायची असतील तर साधी रांग. चालताना शोधाशोध जवळजवळ उरतच नाही. मोठा ॲरे असेल तर तो टाकणाऱ्याकडेच राहू द्यायचा, तिऱ्हाइताकडे नुसती नोंद ठेवायची, घेणाऱ्याने थेट मालकाकडून आणायचा, हेही त्यांनी करून झालं होतं.

मामा: म्हणजे शेवटी कंपायलर काय करतो? कोण कुणाला देतंय ते ओळखून काढतो. जे मी पहिल्या ओळीत लिहिलं असतं ते.

भाची: तुझ्या जाळीत तू लिहिलं असतंस. माझ्या शंभर कामांत तुलाही लिहिता आलं नसतं.

इथे मध्ये शिरून एक फरक सांगायला हवा, कारण दोघंही तो गृहीत धरून पुढे जातात. सामाईक जागा म्हणजे सामाईक मेमरी नव्हे. गेलर्न्टर यांच्याच येलमध्ये, त्याच काळात, काय ली या विद्यार्थ्याने नेटवर्कवरच्या संगणकांची मेमरी जोडून एकच मोठी मेमरी आहे असा आभास उभा केला. आयव्ही त्या सिस्टिमचं नाव, १९८६ सालचा प्रबंध. प्रोग्रामरने नेहमीसारखं व्हेरिएबल वाचायचं-लिहायचं, ते दुसऱ्या मशीनवर असेल तर सिस्टिम त्याचं आख्खं पान उचलून इकडे आणते. दिसायला हे लिंडाहूनही सोपं, कारण नवीन काही शिकायचंच नाही. पण माझी 'क' आणि तुझी 'ख', एकमेकींशी काही संबंध नसलेली व्हेरिएबल्स, योगायोगाने एकाच पानावर पडली की मी 'क' लिहिताना पान माझ्याकडे, तू 'ख' लिहिताना तुझ्याकडे. पान दिवसभर नुसतं हेलपाटे घालतं आणि प्रोग्रामकडे बघून कुणाला कळत नाही की तो एवढा हळू का. ट्युपलमध्ये हे होऊ शकत नाही. एकत्र काय जायचं ते लिहिणाराच ठरवतो, आणि जागेत पडलेलं ट्युपल जागच्या जागी बदलता येत नाही. उचला, बदला, पुन्हा ठेवा.

ही शेवटची अट दिसायला गैरसोयीची आहे, पण लिंडाची सगळी मजा तीत आहे. सामाईक मोजणी ठेवायची आहे समजा. ("मोजणी", ४१) असं ट्युपल जागेत आहे. ज्याला वाढवायची त्याने ते 'इन'ने उचलायचं आणि ("मोजणी", ४२) 'आउट' करायचं. मधल्या क्षणात जागेत मोजणी नावाचं काही नसतंच, त्यामुळे दुसरा आपोआप थांबतो. कुलूप नाही, किल्ली नाही. दोघांनी एकाच वेळी वाढवली आणि एकाची वाढ हरवली, असं घडायला वावच नाही.

मामा: फार सुंदर. आता उचलणारा त्या मधल्या क्षणात मेला तर?

भाची: ...

मामा: सांग ना. चिठ्ठी खिशात घालून कार्यकर्ता घरी गेला. डब्यात चिठ्ठी नाही, काम झालेलं नाही, आणि कुणाकडे आहे ते अध्यक्षाला माहीत नाही, कारण नावं विचारायची नाहीत हीच तर तुमची थोरवी. मोजणी नाहीशी झाली, बाकीची साठ मशीन्स 'इन' करून थांबलेली. एरर नाही, लॉगमध्ये काही नाही. सगळी जिवंत, सगळी निवांत. मी हे पाहिलंय, शनिवारी रात्री लावलेला जॉब सोमवारी सकाळी. प्रोसेसरचा वापर शून्य टक्के, आणि स्थिती 'चालू'.

भाची: मूळ लिंडाचं तसं होतं, मान्य. म्हणून तर पुढे लीज, म्हणजे मुदतीचा करार, आली. सन मायक्रोसिस्टिम्सने १९९९ साली जावास्पेसेस आणलं, त्यात उचलणं ट्रान्झॅक्शनमध्ये करता येतं. ट्रान्झॅक्शन पुरी झाली नाही तर उचललेलं परत जागेत. ठेवलेल्या नोंदीलाही मुदत. आज मी ॲमेझॉनची एसक्यूएस रांग वापरते, तिथेही तेच. काम उचललं की ते बाकीच्यांना दिसेनासं होतं, मी काही वेगळं सांगितलं नाही तर ३० सेकंद. तेवढ्यात झालं असं मी कळवलं नाही, तर ते पुन्हा दिसायला लागतं आणि दुसरा कुणी उचलतो.

मामा: आणि पहिला मेला नसेल, नुसता रेंगाळला असेल तर?

भाची: तर काम दोनदा होतं.

मामा: दोनदा झालेलं चालतं तुला?

भाची: चालेल असंच लिहावं लागतं. 'शिल्लक शंभरने कमी कर' असं नाही लिहायचं. 'अमुक क्रमांकाचा व्यवहार लागू कर, आधीच लागू झाला असेल तर सोडून दे' असं लिहायचं.

मामा: म्हणजे सिस्टिम हिशेब ठेवेल म्हणून तू मोकळी झाली होतीस, तो हिशेब फिरून तुझ्याच गळ्यात आला.

हळू चालणारा आणि मेलेला यांतला फरक नेटवर्कवरून ओळखता येत नाही, हे या सगळ्या विषयाचं दुखणं आहे. फिशर, लिंच आणि पॅटरसन यांनी त्याचा परिणाम गणिताने सिद्ध केला, तोही १९८५ सालीच. निरोप किती उशिरा पोहोचेल याला मर्यादा नसेल, तर एक जरी मशीन बंद पडण्याची शक्यता असेल तरी बाकीच्यांचं एकमत कधी ना कधी नक्की होईलच अशी कोणतीही ठरीव पद्धत असू शकत नाही. 'हे ट्युपल एकालाच मिळालं' हेसुद्धा एक एकमतच. जागेची एकच प्रत असेल तर ती प्रत ठेवणारं मशीन मेलं की सगळं बुडतं. प्रती वाढवल्या की कुणी उचललं यावर त्या प्रतींचं एकमत हवं. लिंडाची 'इन' क्रिया पुस्तकात दोन अक्षरांची आहे. नेटवर्कवर ती बरीच महाग पडते.

मला स्वतःला या वादातलं सगळ्यात पटलेलं उत्तर मिळालं ते सन मायक्रोसिस्टिम्समध्येच. जिम वाल्डो आणि त्यांच्या तीन सहकाऱ्यांनी १९९४ साली एक टिपण लिहिलं. जवळची वस्तू आणि नेटवर्कपलीकडची वस्तू सारखीच भासवू पाहणारे सगळे प्रयत्न फसणार, असं त्यात बजावलं होतं. लागणारा वेळ वेगळा, मेमरीपर्यंत पोहोचण्याची रीत वेगळी, एकाच वेळी चालणाऱ्या गोष्टींचा गुंता वेगळा, आणि सगळ्यात मुख्य म्हणजे अर्धंच काही मोडण्याची सोय फक्त नेटवर्कमध्ये. भावाला हे टिपण देवघरात ठेवावंसं वाटेल. पण हेच वाल्डो पुढे जिनी प्रकल्पाचे प्रमुख आर्किटेक्ट झाले, आणि जावास्पेसेस हा त्या जिनीचाच भाग. म्हणजे फरक लपवू नका म्हणणाऱ्यांच्याच घरात सामाईक जागा बांधली गेली. यात विसंगती नाही. जावास्पेसेसमध्ये प्रत्येक क्रिया नेटवर्कमुळे फसू शकते हे तुम्हाला कोडमध्ये हाताळावंच लागतं, आणि किती वेळ वाट बघायची व नोंद किती काळ राहील हे आकडे तुम्हीच द्यायचे असतात. पलीकडे कोण आहे ते झाकलेलं, पण पलीकडे जायला काय पडतं ते उघडं. लिंडाने दोन्ही झाकलं होतं, तिथे भावाचं बरोबर आहे. एमपीआय दोन्ही उघडं ठेवतं, आणि तिथे मुलगी वैतागते ते काही उगाच नाही.

भाची: आणि तुमचे रसायनवाले काय वेगळं करतात? रेणूंच्या गणिताचं तुमचं गाउसियन अनेक मशीन्सवर चालवायचं तर इनपुट फाइलमध्ये वर काय लिहितात? लिंडावर्कर्स. इतकी वर्षं लिंडाच तर वापरताय.

मामा: आणि लिंडावर्कर्सच्या पुढे काय लिहितात? मशीन्सची नावं. एकेक करून, स्वल्पविराम देऊन.

भाची: (हसून) बरं, ते जाऊ दे. तुमच्या त्या दुसऱ्या प्रोग्रामचं, एनडब्ल्यूकेमचं काय? त्यात सगळ्यांचा मिळून एकच आकडा असतो. जो मोकळा होतो तो आकडा एकाने वाढवतो, आला त्या क्रमांकाचं काम करतो. माझी मोजणीच ती, नाव बदललेली.

मामा: आहेच. पण त्याच्या खाली काय आहे ते बघ. ग्लोबल ॲरेज. पॅसिफिक नॉर्थवेस्ट प्रयोगशाळेतल्या लोकांनी १९९४च्या सुमारास केलं. मोठं मॅट्रिक्स सगळ्या मशीन्सवर पसरलेलं, कुणीही कुठलाही तुकडा मागावा, पलीकडच्याने 'देतो' म्हणायची गरज नाही. सामाईकच आहे ते. फक्त कुठला तुकडा कुणाकडे आहे हे त्याला विचारता येतं, आणि माझ्या मेमरीतला तुकडा मी थेट वापरू शकतो. सामाईक असण्याला माझी कधीच ना नव्हती. मला विचारता आलं पाहिजे.

भाची: मग आपलं भांडण कशावरून आहे?

मामा: तू विचारत नाहीस यावरून.

ती विचारत नाही हे पूर्ण खरं नाही. मशीन्सवर प्रोग्राम वाटून देणाऱ्या तिच्या कुबरनेटीसमध्ये काय होतं ते तिने कागदावर काढून दाखवलं. 'हा प्रोग्राम चालवा' अशी नोंद मधल्या साठ्यात पडते. त्या नोंदीत मशीनची जागा रिकामी असते. शेड्युलर अशा रिकाम्या नोंदींवर डोळा ठेवून असतो. दिसली की तो तिच्यात एका मशीनचं नाव भरतो. त्या मशीनवरचा एजंट आपलं नाव असलेल्या नोंदींची वाट पाहत असतो, तो प्रोग्राम सुरू करतो आणि 'सुरू झाला' असं परत त्याच नोंदीत लिहितो. शेड्युलर आणि एजंट एकमेकांशी कधी बोलत नाहीत. कुणीही मध्येच बंद पडून पुन्हा उठला तरी साठ्यात बघून त्याला आपलं काम कळतं. मला तर ही चित्रात काढलेली ट्युपल स्पेसच वाटली. भावाने मात्र विचारलं, या साठ्यात एका वेळी किती मावतं?

भाची: खाली एट्सीडी नावाचा साठा आहे. एका मागणीत साधारण दीड एमबी. एकूण साठा दोन जीबी, वाढवला तरी आठच्या पुढे जाऊ नका म्हणतात.

मामा: माझं एक मॅट्रिक्स आठ जीबीहून मोठं असतं.

भाची: मॅट्रिक्स तिथे ठेवायचंच नाही. तिथे फक्त 'कुणी काय करायचं'. माल ऑब्जेक्ट स्टोअरमध्ये.

मामा: आणि मालाच्या जवळ काम जातं, की कामाच्या जवळ माल?

भाची: ...जमेल तिथे काम मालाजवळ. एका झोनमधून दुसऱ्या झोनमध्ये डेटा गेला की जीबीमागे पैसे पडतात. मागच्या तिमाहीत बिल बघून आमच्या मॅनेजरने सगळ्यांना बसवून दाखवलं होतं.

भाऊ यावर काही बोलला नाही, नुसता हसला. ते मुलीला जास्त लागलं. तिने लगेच दुसरीकडून चाल केली, आणि ही चाल मला तरी नवी होती.

भावाची एक तक्रार कायमची असते. ज्याला हवं तो उचलेल म्हटलं की उत्तरं वाटेल त्या क्रमाने येतात. संगणक दशांशातले आकडे ठराविक अंकांपुरतेच धरतो, त्यामुळे बेरजेचा क्रम बदलला की शेवटचे अंक बदलतात. आज चालवलं तर ऊर्जेचा आठवा अंक ३, उद्या ४. रेणूच्या गणितात तो फरक खराच काही सांगतोय की नुसता क्रमाचा खेळ आहे, हे ठरवत बसावं लागतं. यावर तिचं म्हणणं असं की क्रम ट्युपलमध्येच लिहायचा. १०२४ तुकड्यांच्या बेरजा आहेत. प्रत्येक ट्युपल: ("बेरीज", पायरी, क्रमांक, मूल्य). पायरी शून्यचे क्रमांक ० आणि १ मिळून पायरी एकचा क्रमांक ०. २ आणि ३ मिळून क्रमांक १. जो मोकळा असेल त्याने एक जोडी उचलावी, बेरीज करावी, वरच्या पायरीवर ठेवावी. कोण करतं, कधी करतं याला काही महत्त्व नाही. कशात काय मिळवायचं ते ठरलेलं आहे. दहा पायऱ्या, आणि शेवटचा अंक दर वेळी तोच.

भावाने कागद आपल्याकडे ओढला.

मामा: ठेवायच्या क्रिया २०४७. उचलायच्या २०४७, शेवटचं उत्तर धरून. एकूण ४०९४. मी क्रमांक लिहून हेच झाड केलं तर १०२३ निरोप. चौपट पडतं तुझं.

भाची: चौपट. आणि सहाव्या पायरीवर तुझं एखादं मशीन बंद पडलं तर?

मामा: तर माझा आख्खा जॉब पडतो. मी शेवटच्या चेकपॉइंटपासून पुन्हा लावतो. महिन्यातून एकदा झालं तर परवडतं.

भाची: माझ्याकडे रोज एखादं तरी पडतं.

मामा: मग तू चौपट दे.